पुस्तक बाहेर आहे

जळगाव,
सोमवार, २० फेब्रुवारी १९८९

मंदा,

रविवार, १२ फेब्रुवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. त्या मिनिटाला तू माझ्या खुर्चीशेजारच्या स्टुलावरून वाचनालयाचं पुस्तक उचललंस, पिशवीत घातलंस आणि निघून गेलीस. मी मोरीत कप विसळत होते. तुझ्या कपात अर्धा चहा तसाच होता. फाटकाची कडी वाजली म्हणून हात पुसत बाहेर आले, तोवर तू रिक्षात बसली होतीस. ‘मावशी, येते’ एवढंही म्हणाली नाहीस. चार चाळीसची धुळ्याची गाडी तुला गाठायची नव्हती, कारण चार चाळीसला कुठलीच गाडी नसते. सहाच्या गाडीनं जाणार, असं तू स्वतःच सांगितलं होतंस.

पत्राच्या वर ‘चि.’ लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे.

तक्रार लिहायची तर आधी तारीख, मग वेळ, मग काय घडलं आणि शेवटी मागणी, असं भुसावळच्या कॉन्व्हेंटात मदर सुपिरिअरनं आम्हाला शिकवलं. मधे रडारड नको म्हणायची. म्हणून मागणी लिहिते. बुक नंबर २२१७, समुद्रप्रवासाचं, निळ्या कापडी बांधणीचं, रजिस्टर पोस्टानं परत पाठव. ते तुझं नाही, माझंही नाही. वाचनालयाचं आहे.

तुला हे क्षुल्लक वाटेल. चोवीस वर्षांच्या मुलीला सगळंच क्षुल्लक वाटतं. मला एका कार्डावर एकच पुस्तक मिळतं. ते परत केल्याशिवाय तोतारामभाऊ दुसरं देत नाहीत, मग समोर कलेक्टर का उभा असेना. चौतीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर बसून मी गेल्या मे महिन्यात उठले. लोकांनी शाल दिली, घड्याळ दिलं (जिनं आयुष्यभर घड्याळाकडेच बघितलं तिला घड्याळ), आणि आता आराम करा म्हणाले. आराम म्हणजे काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. पहिले पंधरा दिवस मी भिंतीकडे बघत बसले. सोळाव्या दिवशी कागदावर लिहून ते भिंतीला चिकटवलं. सकाळी सात ते आठ उर्दू, शेजारच्या जुबेदाकडून. दहा ते साडेबारा वाचन. साठी पुरी होईपर्यंत शंभर पुस्तकं. तू तो कागद वाचून हसली होतीस. ‘मावशी, टाइमटेबल रिटायर झालं नाही का?’ असं म्हणाली होतीस. तेव्हा मलाही हसू आलं होतं.

एकेचाळीस झाली होती. बेचाळिसावं तुझ्या पिशवीत गेलं. आठ दिवस मी दहा ते साडेबारा हात मांडीवर ठेवून बसते. घर फार शांत आहे. इतकं शांत घर बरं नसतं.

पुस्तकात एकशे बाराव्या पानावर खुणेला एक जुना कागद होता. बिनकामाचा आहे. फेकून दिलास तरी चालेल.

नाही, फेकू नकोस. होता तसाच, त्याच पानात असू दे.

तुझी मावशी,
पुष्पा


जळगाव,
मंगळवार, ७ मार्च १९८९

मंदा,

उत्तर नाही, पुस्तक नाही. म्हणून शनिवारी मी तार ऑफिसात जाऊन धुळे एक्स्चेंजचा ट्रंक कॉल बुक केला, तुझ्या नावानं, पी. पी. करून, म्हणजे तूच आलीस तर जोडायचा असा. आयुष्यात पहिल्यांदा खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभी राहिले. आतल्या पोरीनं मला ओळखलं, ‘मॅडम, आत बसा की’ म्हणाली. बसले नाही. लाकडी केबिनमध्ये शिरले. तिथं कोणी तरी पान खाऊन भिंत रंगवली आहे.

तू आलीस. ‘बोला’ म्हणालीस. ‘बोल मावशी’ नाही, ‘बोला’.

मी काय काय बोलले ते सगळं मला आठवतं. तोतारामभाऊंनी तीनदा विचारलं, हे सांगितलं. मार्चअखेर वाचनालयात पुस्तकांची मोजणी असते, हे सांगितलं. जुबेदाच्या हाशमचा पाय मुरगळला, हे सांगितलं. तुमच्याकडे ऊन कसं आहे, असंही विचारलं. का विचारलं देव जाणे, जळगावात आणि धुळ्यात वेगळं ऊन पडतं का. मग मी म्हणाले, ‘मंदा, एक सांगायचं राहिलं...’

आणि तू म्हणालीस, ‘तीन मिनिटं झाली.’

कॉल तोडायचा असेल तर तो जळगावची पोरगी तोडील, आणि ती माझा तोडणार नव्हती. तरी तू म्हणालीस. घड्याळ बघून म्हणालीस, हे मला आवाजावरून कळलं. तो आवाज मीच तुला शिकवला आहे. रागाचा नाही, मायेचाही नाही, सपाट. पंधरा वर्षांची होतीस, याच खोलीत, कानाला वाटी लावून तू ‘तीन मिनिटं झाली, वाढवू?’ म्हणायचीस, आणि आपण दोघी हसायचो.

शनिवारी तू ‘वाढवू?’ विचारलं नाहीस. रिसीव्हर ठेवलास.

म्हणजे तो कागद काय आहे ते तुला कळलं. कळणारच होतं. दुसऱ्या कुणाच्या हातात पडला असता तर त्याला तो रद्दीचा तुकडा वाटला असता. तू मात्र धुळ्याच्या बोर्डावर रोज तशी शंभर तिकिटं लिहितेस: कॉल कुठून, कुठे, किती वाजता लागला, किती वाजता सुटला, शेरा. तुला एका नजरेत वाचता आलं असणार. साक्री पोस्ट ते जळगाव, रतिलाल शेठची दाळमिल. ४ ऑगस्ट १९६९. ११.४० ते ११.४३. आणि शेरा माझ्या अक्षरात: मुदतवाढ मागितली, नाकारली.

मी तुला नेहमी सांगत आले, की तुझ्या आईच्या शेवटच्या कॉलला लाइन गेली. पावसाळ्याचे दिवस होते, धुळ्यापलीकडे तारा पडायच्या. तुला सांगितलं, तुझ्या मामाला सांगितलं, आमच्या आबांना, तुझ्या आजोबांना, ते जाईपर्यंत सांगितलं. सगळ्यांशी मी खोटं बोलले. फक्त त्या तिकिटाशी खरं बोलले. सहा महिन्यांनी जुनी तिकिटं जाळतात, त्याआधी मी ते ब्लाउजमध्ये घालून घरी आणलं. चौतीस वर्षांतली ती माझी एकमेव चोरी. तेव्हा तुला चोर म्हणायचा मला किती अधिकार आहे, ते मला कळतं. तरी पुस्तक परत कर.

नियम तुला माहीत आहे. लाइन एकच असेल आणि मागे दुसरा कॉल थांबला असेल, तर ऑपरेटर वाढ नाकारू शकते. त्या दिवशी मागे एक लाइटनिंग कॉल, सगळ्यांच्या आधी जोडावा लागणारा, थांबला होता. मी नियमाबाहेर काही केलं नाही.

एवढंच मला तुला फोनवर सांगायचं होतं. ते सोडून मी उन्हाचं विचारत बसले.

तुझी आईही त्या दिवशी तेच करत बसली होती. तीन मिनिटांतली अडीच तिनं कपाशीला पाऊस झाला का, गाय व्याली का, आबांचा खोकला कसा आहे, यात घालवली. आपल्याकडे कुणी फोनवर मुद्द्याचं आधी बोलतच नाही. आधी मुद्दा काढला तर माणसाला हावरं समजतात. मी हेडफोन लावून मनात म्हणत होते, बोल, भिकू, बोल. घड्याळ माझ्यासमोर होतं, तिच्यासमोर नव्हतं.

आता वाचनाचं सांगते, कारण ते कुणाला सांगितलेलं नाही. मनातल्या मनात वाचताना आपल्याला एक आवाज ऐकू येतो ना, तो आपला असतो. माझा नसतो. पहिल्या पुस्तकापासून नाही. लांबून, खरखर होत, तारेवरून आल्यासारखा तो येतो. समुद्राचं वर्णन असो की स्वयंपाकाचं, भिकूच वाचते. तीन मिनिटं झाली की माझा हात आपोआप कॉर्ड काढून लाइन तोडायला उठतो आणि पान मिटतं. एकेचाळीस पुस्तकं मी अशी तीन-तीन मिनिटांनी वाचली आहेत. लोकांना वाटतं, बाई म्हातारपणी छान रमल्या.

म्हणून उर्दू धरलं. भिकूला उर्दू येत नव्हतं. अलिफ-बे गिरवताना आतून काहीच ऐकू यायचं नाही, इतकं बरं वाटायचं. जुबेदा म्हणायची, ‘बाई, हात ढीला छोडो, कोई छीन नहीं रहा.’ मुळाक्षरं शिकायला मी मुद्दाम चार महिने लावले. तिला वाटलं, बाई मंद आहेत. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा एक अख्खं वाक्य न अडखळता वाचलं. मुलांच्या पुस्तकातलं, विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईचं. वाचून संपलं आणि लक्षात आलं, की मी ते वाचलं नाही, ऐकलं.

जुबेदानं शाबासकी दिली. मी पाटी उलटी ठेवली.

पुष्पा


जळगाव,
गुड फ्रायडे, २४ मार्च १९८९

चि. मंदास,

हे तिसरं. यानंतर लिहिणार नाही.

आज कॉन्व्हेंटात घंटा वाजवत नाहीत. लहानपणी आम्हा हिंदू मुलींना या आठवड्यात काम नसायचं. मागच्या बाकावर बसून आम्ही ख्रिश्चन मुलींना कन्फेशनच्या रांगेत उभ्या राहताना बघायचो. एक एक आत जायची आणि हलकी होऊन बाहेर यायची. मला हेवा वाटायचा. मी एकदा मदरला विचारलं, आम्ही कुठे सांगायचं? ती म्हणाली, ज्याचं नुकसान केलं त्याला, आणि लवकर. मला वाटलं होतं, ही आपली सोय करून देईल.

मागच्या पत्रात एक खोटं आहे. लाइटनिंग कॉल थांबलेला नव्हता. मागे कोणीच नव्हतं. लाइन दुपारपर्यंत मोकळी होती.

आता काय झालं ते सांगते.

मी आणि भिकू एका घरच्या. आबा भुसावळला रेल्वेत होते, त्यांच्या साहेबाच्या मेमनं शब्द टाकला म्हणून मला कॉन्व्हेंटात जागा मिळाली. एकीलाच मिळाली. भिकू आईजवळ असोद्याला राहिली, चौथीपर्यंत शिकली, शेण थापलं, केळीच्या बागेत राबली, साक्रीला दिली. मी सुट्टीत आले की ती माझे बूट पुसून ठेवायची आणि कुणी नसलं की घालून बघायची. साक्रीला जाऊन तिनं तिथली बोली उचलली. मी तिला दोनदा टोकलं होतं, की फोनवर नीट बोल, तिथं ‘आहे’ला शे आणि ‘सगळा’ला बठ्ठा नको. ती ‘बरं अक्का’ म्हणाली होती.

त्या सोमवारी बोर्डावर माझ्या मागे आमचा मोठा साहेब उभा होता. माझ्या सुपरवायझरच्या बढतीची शिफारस त्याच्या हातात होती. आठवड्यापूर्वीच मेमो निघाला होता, ऑपरेटरनी ओळखीच्या माणसांशी लाइनवर बोलू नये. त्यानं दुसरा हेडफोन कानाला लावला होता. तुझी आई दाळमिलवर कामाला असलेल्या तुझ्या मामाशी, रुपचंदभाऊशी, बोलत होती. तीन मिनिटं भरत आली आणि ती म्हणाली, ‘भाऊ, एक सांगाचं ऱ्हायनं.’ मी म्हणाले, तीन मिनिटं झाली. ती म्हणाली, आणखी तीन द्या बाई. मी म्हणाले, वाढ मिळणार नाही.

मग मी दाळमिलची कॉर्ड काढली. रुपचंदभाऊला वाटलं, लाइन गेली. साक्रीची कॉर्ड अजून लागलेलीच होती, म्हणजे भिकू माझ्या कानात होती.

तिनं माझा आवाज ओळखला होता. ‘अक्का, तूच शे ना?’ असं विचारलं.

मागे साहेब हसला. वाईट हसला नाही, एखाद्याला गंमत वाटते तसा हसला. म्हणाला, ‘मिस पाटील, युवर सिस्टर?’ आणि मी म्हणाले, ‘नो सर.’

तुझी आई पलीकडून बोलतच होती. तिला ते ऐकू गेलं असेल की नाही, हे मला माहीत नाही. मी एकोणीस वर्षं तेवढंच शोधते आहे, की ऐकू गेलं का. ती म्हणाली, ‘भाऊले सांग, माले लेवाले ये.’ भाऊला सांग, मला न्यायला ये.

मी कॉर्ड काढली. तिकिटावर शेरा लिहिला.

संध्याकाळी दाळमिलवरून जाताना रुपचंदभाऊ फाटकाशी भेटला. म्हणाला, ‘अक्का, लाइन गेली का गं? भिकी काहीतरी सांगत होती.’ तेव्हा सांगायचं होतं. तो त्याच रात्री जीप करून गेला असता, तो तसाच आहे. मी म्हणाले, हो, लाइन गेली. साहेबानं हसावं आणि तिनं सगळं भाऊलाच सांगावं, याचा मला राग होता. मला वाटलं, सासूशी भांडली असेल. रविवारी असोद्याला जाऊ तेव्हा सांगू. शिवाय लाइनवर ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, अशी आम्ही शपथ घेतलेली असते. ती शपथ मला त्या संध्याकाळी फार पवित्र वाटली.

रविवार उजाडलाच नाही तिच्यासाठी. शुक्रवारी ती गेली. सहावा महिना होता आणि सोमवारपासून रक्त जात होतं. घरच्यांना सांगायला ती लाजली असेल किंवा सांगूनही कुणी मनावर घेतलं नसेल. पोस्टापर्यंत ती चालत आली होती. धुळ्याच्या दवाखान्याच्या वाटेवर, नेरच्या पुढे, जीपमध्येच गेली. तू चार वर्षांची होतीस आणि ओट्यावर बसून चुरमुरे खात होतीस. मी आले तर तू मला विचारलंस, आईला न्यायला आलीस का? तुझ्या तोंडून तो शब्द ऐकला आणि मी तुला उचलून घेतलं.

तुला मी आणलं, वाढवलं, शिकवलं, बोर्डावर बसवलं. लोक म्हणाले, पुष्पाबाईंनी बहिणीची पोर किती मायेनं सांभाळली. मी ते ऐकून घेत गेले. ती माया नव्हती असं मी म्हणणार नाही, तेवढंही खोटं आता नको. पण तुला रोज समोर बघायचं हीदेखील मी स्वतःला दिलेली शिक्षा होती, आणि तुला शिक्षा म्हणून वापरलं याबद्दल मला आज जास्त लाज वाटते.

तिकिटावरून तुला एवढंच कळलं असेल, की मी वाढ नाकारली. बाकीचं कुणालाच माहीत नव्हतं. रुपचंदभाऊला मी काल असोद्याला जाऊन सांगितलं. ऐकून तो उठला. बैलाला पाणी पाजायचं होतं, ते पाजलं. परत येऊन म्हणाला, ‘अक्का, पाच सत्तावीसची बस शे, ती पकड.’ मी पकडली. असोदा ते जळगाव मी उभ्यानं आले, बस रिकामी असून.

आता तुझं. तो निरोप माझ्याकडे अडकून पडलेला होता. तो भाऊसाठी होता, पण जिला न्यायचं ती राहिली नाही, तेव्हा आता तो तुझाही आहे. म्हणून पुन्हा नीट लिहिते, फोनवर सांगतात तसा, एक एक शब्द:

माले लेवाले ये.

एकोणीस वर्षं आणि साडेसात महिने उशिरा पोचवते आहे. उशिराचं कारण ऑपरेटर.

पुस्तकाचं पुढे असं. तोतारामभाऊंनी काल मला बसवून विचारलं. दरवर्षी ३१ मार्चला ते कपाटं उघडून एक एक नंबर वाचतात, आणि जे पुस्तक जागेवर नाही त्याच्यापुढे दोनपैकी एक शब्द लिहितात. कोणाकडे तरी आहे आणि परत येणार आहे, तर ‘बाहेर’. येणार नाही, तर ‘गहाळ’. एकदा गहाळ लिहिलं की नंबर रद्द होतो, ते पुस्तक पुन्हा सापडलं तरी जागेवर लागत नाही. ते मला म्हणाले, ‘बाई, २२१७ पुढे काय लिहू? तुम्ही सांगाल ते लिहितो.’ मी म्हणाले, ३१ तारखेला सांगते.

मला क्षमा नको आहे. ती मागायची माणसं दुसरी आहेत, त्यातलं एक हयात नाही आणि एकानं मला बसची वेळ सांगितली. भेटायला ये असंही म्हणत नाही. पुस्तक ठेव, तिकीट ठेव. शंभर पुस्तकांचा कागद मी भिंतीवरून काढलेला नाही. जुबेदाकडे रोज सकाळी सातला जाते आहे. आता ऐकू येतं ते मी ऐकते, हात उठला तर दुसऱ्या हातानं धरून ठेवते आणि पान पुरं करते. कालपर्यंत अकरा पानं झाली.

मागणी एकच. निरोप मिळाला, एवढी पोच मला लेखी हवी. एका पोस्टकार्डावर, तुझ्या हातानं, दोन शब्द, खाली सही आणि वेळ. फोन करू नकोस. फोनवर आपण दोघी पुन्हा उन्हाचंच बोलू.

शुक्रवार, ३१ मार्च १९८९, संध्याकाळी सहा. मी पाचपासून वाचनालयात कपाटासमोर बसलेली असेन. दुसऱ्या टपालातली पत्रं मी तिथंच मागवली आहेत. तोतारामभाऊ २२१७ वर येऊन थांबतील आणि माझ्याकडे बघतील. तुझं कार्ड माझ्या हातात असलं तर मी सांगेन, बाहेर आहे. नसलं तर दुसरा शब्द त्यांना माझ्या तोंडानं सांगावा लागेल. तेव्हा सहाच्या आत लिहून कळव.

तुझी,
पुष्पामावशी